कॅप्टन व्हिटकम यांचा मरणोत्तर शोध

१

कॅप्टन ओबेड व्हिटकम वारले, आणि त्यानंतर वर्षभरानं त्यांनी एक मोठा शोध लावला.

जिवंतपणी त्यांच्यावर असा आरोप कुणी केला नव्हता. आमच्या नॉर्थ हार्लो गावातला खुर्च्यांचा सगळ्यात मोठा कारखाना त्यांचा होता. पण तो त्यांना वडिलांकडून मिळाला होता आणि एक खिळाही इकडचा तिकडे न करता त्यांनी तो मुलाच्या हवाली केला. कॅप्टन ही पदवी गावच्या फौजेतली. ही फौज वर्षातून एकदा मैदानावर जमते, सफरचंदाची सायडर पिते आणि शत्रू न आल्यामुळे घरी जाते.

त्यांचा शोध उघडकीला आला तो झिल्फा स्टर्न्समुळे. झिल्फा गावात मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायची. नवऱ्यामागे त्याचं छोटं दुकान तिच्याकडे आलं आणि ते तिनं त्याच्यापेक्षा बरं चालवलं, हे त्याच्या भावालासुद्धा कबूल होतं. म्हणूनच तो तिच्याशी धड बोलत नसे. कामाला तोटा नव्हता. आमच्या गावात खुर्च्या हजारोंनी बनतात आणि त्याच बेतानं मोडतात, कारण आमच्याकडच्या पुरुषाला खुर्चीच्या चारही पायांवर बसता येत नाही. तो बसला की आधी खुर्चीसकट मागे कलतो. पुढचे दोन पाय हवेत, डोकं भिंतीला, टाचा शेगडीच्या कठड्यावर, अशी तयारी झाल्याशिवाय त्याला देशाच्या कारभाराबद्दल काही सुचत नाही. देवळातली बाकं जमिनीला ठोकून टाकलेली आहेत ती याच कारणानं. खुर्चीचे मागचे पाय किती दिवस हे सोसणार? झिल्फाच्या दुकानात मोडक्या मागच्या पायांचा ढीग असे. पुढचा पाय मोडून आलेला तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

ते पाय बदलता बदलता तिच्या डोक्यात आलं की रेलायचं तर माणसानं रेलावं, खुर्चीनं कशाला? तिनं बैठकीच्या एका फळीच्या जागी दोन घेतल्या. खालच्या फळीत चार पाय, वरच्या फळीला पाठ आणि हात, आणि दोन फळ्यांच्या मध्ये चार वाकड्या पोलादी स्प्रिंगा. माणूस मागे रेलला की वरची फळी त्याच्याबरोबर रेलते आणि चारही पाय जमिनीवर जिथल्या तिथे उभे राहतात. तिनं ती खुर्ची दुकानात ठेवली. गावानं येऊन बसून पाहिली, हसून झालं, पुन्हा बसून पाहिली. मग झिल्फानं वीतभर उंचीचा नमुना बनवून वॉशिंग्टनला पेटंटच्या कचेरीत पाठवला.

आणि व्हिटकम कारखान्यानं हरकत घेतली. असाहेल व्हिटकमनं, म्हणजे कॅप्टनच्या मुलानं, कळवलं की अशी खुर्ची आमच्या वडिलांनी फार पूर्वी स्वतःच्या हातांनी बनवली होती, ती आमच्या माळ्यावर आहे, आणि पाहिजे तर दाखवू.

आमच्याकडचा कायदा असा आहे की अर्ज आधी कुणी केला याला महत्त्व नाही, वस्तू आधी कुणी बनवली याला आहे. कॅप्टनची खुर्ची खरी ठरली तर झिल्फाचा हक्क गेला. मग व्हिटकम कारखाना तिची खुर्ची गाडे भरभरून विकणार आणि तिनं मोडके पाय बदलत बसायचं. तेही फार दिवस नाही, कारण नव्या खुर्च्यांचे पाय मोडणार नव्हते. स्वतःच्या शोधानंच उपाशी मरण्याची सोय तिनं करून ठेवली होती.

वॉशिंग्टनचा हुकूम आला की गावातच साक्षी घ्याव्यात. त्या घेण्याचं काम स्क्वायर लेम्युएल थेयर यांच्याकडे आलं आणि लिहून घेण्याचं माझ्याकडे. स्क्वायर म्हणजे आमचे दंडाधिकारी. त्यांच्या कमरेत एक नस धरलेली होती; बसलं की कळ डोक्यात जायची. त्यामुळे तालुक्यात हा एकच पुरुष दिवसभर उभा असे. बाकीचे सगळे बसलेले कसे दिसतात हे त्यामुळे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

खाणावळीच्या वरच्या मजल्यावर खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यावरची चादर काढली. दोन फळ्या होत्या. मध्ये चार स्प्रिंगा होत्या.

स्क्वायरनी झिल्फाला विचारलं, ही ओळखता का? तिनं खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या हातावरच्या चाकूच्या खाचांवरून बोट फिरवलं. कॅप्टन विचार करताना चाकूनं खुर्ची तासत.

"ही कॅप्टनचीच आहे," ती म्हणाली.

२

अर्जदाराच्याच तोंडून असं आल्यावर व्हिटकमांनी बोस्टनहून आणलेला वकील इतका खूश झाला की त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे मान लववून पाहिलं.

मग साक्षी झाल्या. असाहेल म्हणाला, आई म्हणाली माळ्यावर बघ, मी बघितलं, खुर्ची मिळाली. त्याआधी ती वडिलांच्या खोलीत असायची. तिच्यावर बायसनचं मोठं केसाळ कातडं टाकलेलं असायचं, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबणारं, त्यामुळे खाली काय आहे हे कधी दिसलं नाही. कारखान्याचा मुकादम बार्झिलाय रग यानं तेच सांगितलं. कातडं उचललं तर गार वारा लागतो म्हणून कॅप्टन ओरडत, असंही तो म्हणाला.

कॅप्टनच्या पत्नी जेरुशाबाई साक्षीला आल्या त्या विणकाम घेऊनच. साठी उलटलेल्या, ताठ, खुर्च्या बनवणाऱ्या घराण्यातल्या. शपथ घेऊन त्यांनी सांगितलं की खुर्ची त्यांच्या नवऱ्याची, स्प्रिंगाही त्याच्याच, आणि दोन्ही फार वर्षांपासूनच्या. स्प्रिंगा कुठून आणल्या असं विचारल्यावर म्हणाल्या की नवरे बायकांना असल्या गोष्टी सांगत नसतात, लेम्युएल, तुझी तरी सांगायची पद्धत आहे का. स्क्वायर लहानपणी त्यांच्या परसातली सफरचंदं चोरत, त्यामुळे त्या त्यांना एकेरीतच हाक मारत.

शेवटी वकिलानं खुर्ची आडवी केली आणि तिचे मागचे पाय सगळ्यांना दाखवले. दोन्ही पायांची मागची कड वापरलेल्या साबणासारखी तिरपी झिजलेली होती. पुढचे पाय मात्र जवळपास कोरे.

"ही झीज काल-परवाची आहे का?" त्यानं विचारलं. "कितीतरी वर्षं एक माणूस रोज या खुर्चीत बसला आहे. हे पाय खोटं बोलू शकत नाहीत."

सगळे वाकून पाहायला लागले. पाय खरंच जुने होते. जेरुशाबाईंचे टाके तेवढे सुटले. त्या मान खाली घालून ते उचलत बसल्या. झिल्फा भिंतीपाशी हाताची घडी घालून उभी होती. तिच्याकडे पाहून मला वाटलं, संपलं.

स्क्वायर मोठ्या कष्टानं गुडघ्यांवर आले आणि त्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग उठले आणि म्हणाले, साक्षी आज लिहून झाल्या. उद्या त्या वाचून दाखवायच्या आणि सह्या घ्यायच्या. सहीपर्यंत साक्ष ही साक्ष नसते, हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

जिना उतरताना मी म्हणालो, वकिलाचं म्हणणं बरोबर आहे, पाय खोटं बोलत नाहीत.

"नाहीच बोलत," स्क्वायर म्हणाले. "पंचाईत तीच आहे त्याची."

३

माझा संशय झिल्फाच्या दिरावर होता. ल्यूथर स्टर्न्स बग्ग्या आणि गाड्या बनवायचा. गावात स्प्रिंगा करणारा तो एकटाच, झिल्फाच्या खुर्चीच्या स्प्रिंगाही त्याच्याच, आणि धंद्यात मला अर्धा वाटा दे म्हणून त्यानं तिच्याकडे केलेली मागणी तिनं धुडकावलेली. कॅप्टनच्या खुर्चीत त्यानं गुपचूप स्प्रिंगा बसवल्या असतील तर मला नवल वाटलं नसतं. एवढी सोपी गोष्ट स्क्वायरना का सुचत नाही, असं मी विचारलं.

"सुचली. चला," ते म्हणाले.

ल्यूथर चाकाला लोखंडी धाव चढवत होता. वहिनीचं नाव काढताच तो तासभर पुरेल इतकं बोलला आणि त्यात उपयोगाचं काही नव्हतं. स्प्रिंगांबद्दल विचारल्यावर मात्र धंद्याचा माणूस जागा झाला. या वर्षात लहान स्प्रिंगा कुणाकुणाला दिल्या? वहिनीला दिल्या. डॉक्टरच्या बग्गीला दिल्या. पाळकाच्या गाडीला दिल्या, पण ते अजून प्रार्थनेतच फेड करतायत. जेरुशाबाईंना गाडीच्या बैठकीखाली टाकायला दिल्या, त्यांचीही पाठ दुखते म्हणे. असाहेलच्या नव्या बग्गीला दिल्या.

"आणि कॅप्टनना?" स्क्वायरनी विचारलं. "पूर्वी कधी?"

"कॅप्टनना?" ल्यूथर हसला. "कॅप्टननी पैसे देऊन नवी वस्तू घेतल्याचं मला तरी माहीत नाही. पण बोस्टनहून आणल्या असतील. मला काय विचारता? माझा मेल्यांशी व्यवहार नाही."

तिथून आम्ही कारखान्यात गेलो. बार्झिलाय रग लेथवर पाय कातत होता. कॅप्टन कसे होते, एवढाच प्रश्न स्क्वायरनी टाकला आणि एका खांबाला टेकून उभे राहिले. बार्झिलायनं यंत्र थांबवलं. अशा प्रश्नाला आमच्याकडे सगळे हातातलं काम टाकतात.

त्यानं बरंच सांगितलं. त्यातली एक गोष्ट अशी. कॅप्टनची खोली घराच्या वरच्या मजल्यावर, पण घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत. कॅप्टन दिवसभर वर बसून विचार करायचे. खाली कुणाला काही कळायचं नाही. मग एकदम वरून खुर्चीचा ठोका यायचा, धप्प. तो आला की समजायचं, मालकांनी ठरवलं. मग कुणाला तरी काढलं जायचं, नाहीतर नवा माल यायचा, नाहीतर शनिवारची सुट्टी रद्द व्हायची.

"सगळी माणसं हात थांबवून वर बघायची," तो म्हणाला. "मी बायकोला मागणी घातली तीसुद्धा ठोका आला तेव्हा. म्हटलं, आता कामावरून गेलो तर लग्न तरी पदरात असावं."

असाहेलला स्क्वायरनी अंगणातच गाठलं. त्याला ठोक्याचं नाव ऐकून आधी हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. लहानपणापासून त्याला वडिलांच्या शब्दांपेक्षा ठोकाच जास्त ऐकायला मिळाला होता. "मी लग्नाचं विचारलं, तर बराच वेळ काहीच बोलले नाहीत," तो म्हणाला. "मग धप्प. मी समजलो, हो म्हणाले."

तो खोटं बोलत नव्हता. वडिलांनी शोध लावला यावर त्याचा खरोखर विश्वास होता. एवढी वर्षं वर बसून त्यांनी काहीतरी केलंच असणार, असा त्याचा हिशेब होता.

"आता एकीलाच विचारायचं राहिलं," स्क्वायर म्हणाले. "त्या खोलीच्या बरोबर खाली जिचं स्वयंपाकघर आहे तिला."

४

जेरुशाबाई आम्हाला फाटकातच भेटल्या. त्या गिरणीवर मक्याचं पीठ आणायला निघाल्या होत्या, एकघोडी गाडी घेऊन, लगाम स्वतःच्या हातात. स्क्वायर म्हणाले, मलाही त्याच बाजूला जायचंय, न्याल का? मी दचकलो. या माणसाला मी वर्षानुवर्षं कुठेही बसलेलं पाहिलं नव्हतं. पण ते दात आवळून गाडीत चढले आणि बाईंच्या शेजारी बसले. मी मागे पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर.

रस्ता आमच्याकडच्या रस्त्यांसारखाच, म्हणजे दगडांच्या मध्ये जिथे माती उरते तो. गाडी हादरत होती आणि स्क्वायरच्या चेहऱ्यावरचा रंग येत-जात होता. तरी ते गोड बोलत होते. हवा कशी, कोंबड्या कशा, आणि कॅप्टनचा तो ठोका, त्याची आठवण येते का?

"कसला ठोका?" बाई म्हणाल्या.

स्क्वायरनी सांगितलं, खुर्चीचा, ठरवून झालं की यायचा तो.

बाईंनी घोड्याकडे पाहत सांगितलं की त्यांनी असला काही आवाज कधी ऐकलेला नाही. कॅप्टन फार शांत माणूस होते. लोकांना काहीही ऐकू येतं. मग त्यांनी घोड्याला चाबूक दाखवला, आणि पुढचा रस्ता आम्ही जरा लवकरच कापला.

गिरणीपाशी स्क्वायर उतरले ते गाडीला धरूनच. बाई पीठ आणायला आत गेल्या. मी म्हणालो, वय झालं त्यांचं, कान गेले असतील.

"कान गेले असते तर तुम्ही मागच्या पोत्यावर पुटपुटलात ते त्यांना ऐकू आलं नसतं," ते म्हणाले. मी घोड्याला म्हातारा म्हणालो होतो आणि बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं होतं, हे खरं होतं.

त्यांनी कमरेला हात लावून एक लांब श्वास घेतला.

"सगळ्या गावानं ठोका ऐकला. ज्यांच्या डोक्यावर तो पडत होता त्या एकट्या बाईंनी नाही ऐकला. आणि दुसरं. माझी कंबर आत्ता शपथेवर सांगायला तयार आहे. त्या गाडीच्या बैठकीखाली एकही स्प्रिंग नाही."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सह्यांच्या आधी स्क्वायरनी खुर्ची व्हिटकमांच्या स्वयंपाकघरात आणवली. असाहेल होता, झिल्फाला बोलावलं होतं. वकिलाला बोलावलं नव्हतं. तो खाणावळीत तिसरी न्याहारी करत होता. जेरुशाबाईंनी आल्याचा केक कापून सगळ्यांपुढे ठेवला. काय चाललंय हे विचारलं नाही.

स्क्वायरनी असाहेलला खुर्चीत बसायला सांगितलं. तो बसला. मागे रेल म्हणाले. तो रेलला. वरची फळी त्याच्याबरोबर मागे कलली, स्प्रिंगा किंचित कुरकुरल्या, चारही पाय जमिनीवर होते.

"आता वडिलांचा ठोका दे."

असाहेल हसला आणि झटकन सरळ झाला. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही.

त्यानं पुन्हा केलं. या वेळी अधिक मागे रेलून, अधिक जोरात पुढे येऊन. फळी वर आली, थोडी डोलली आणि थांबली. शेल्फावरच्या बशा जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्यांदा त्यानं सगळी ताकद लावली. मग तो तसाच बसून राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो आईकडे पाहत नव्हता.

"ठोका पुढच्या पायांचा होता," स्क्वायर म्हणाले. ते शेगडीपाशी उभे होते आणि हवामान सांगावं तसं सांगत होते. "पुढचे पाय हवेत असल्याशिवाय ते जमिनीवर आपटत नाहीत. कॅप्टन आपल्या सगळ्यांसारखेच बसायचे, मागच्या दोन पायांवर. म्हणून मागचे पाय असे झिजले. पण जी खुर्ची पाय न उचलता रेलते, तिचे मागचे पाय झिजतील कशाला? वकील म्हणाला ही झीज फार वर्षांची आहे. बरोबर म्हणाला. तेवढी सगळी वर्षं या खुर्चीत स्प्रिंगा नव्हत्या."

झिल्फा खाली बसली आणि तिनं तो पाय हातात धरला. असले शेकडो पाय तिनं बदलले होते. "मी याच्याकडे पाहिलं," ती हळूच म्हणाली. "काल पाहिलं. रोजचाच पाय म्हणून सोडून दिला."

"आपण सगळ्यांनीच सोडला. अशी झीज नसती तरच आपल्याला चुकल्यासारखं वाटलं असतं. एका माणसाच्या मात्र ते तिथल्या तिथे लक्षात आलं. वकिलानं पाय दाखवले तेव्हा सगळे पुढे वाकले, आणि एकाच माणसाचे टाके सुटले. त्यानंतर ठोक्याबद्दल ज्याला ज्याला विचारलं त्यानं खुशाल सांगितलं, कारण ठोक्यानं काय बिघडतं हे त्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्यानंच तो ऐकला नाही." स्क्वायरनी केकचा तुकडा उचलला. "मुकादम सुटला, असाहेल सुटला. ल्यूथरनं स्प्रिंगा विकल्या, पण कुणाला विकल्या हे लपवलं नाही. ज्या गाडीसाठी तुम्ही स्प्रिंगा घेतल्यात, तिच्यात काल मी बसून आलोय, जेरुशाबाई. रात्रभर झोपलो नाही."

असाहेल म्हणाला, "आई?"

"तू तिथनं ऊठ आधी," जेरुशाबाई म्हणाल्या. "स्प्रिंगा मोडशील."

६

त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांना फारशी लाज वाटत होती असं नाही. माळा कसा झाडला हे सांगावं तसं सांगत होत्या. झिल्फाच्या दुकानात जाऊन त्यांनी तिची खुर्ची एकदा उलटी करून पाहिली होती. मग ल्यूथरकडून स्प्रिंगा घेतल्या. माळ्यावरच्या एका मोडीत काढलेल्या खुर्चीची तेवढीच जुनी फळी मिळाली. कॅप्टनच्या खुर्चीचे पाय ठोकून सोडवले आणि त्या फळीत बसवले. लग्नाआधी बापाच्या कारखान्यात त्यांनी हेच केलं होतं. हात विसरलेले नव्हते.

असाहेलनं विचारलं, पण कशासाठी? कारखान्याला काय कमी होतं?

"कारखान्याचं काय करायचंय मला?" त्या म्हणाल्या. "तुझे वडील रोज रात्री म्हणायचे, जेरुशा, पाय न उचलता रेलता येईल अशी खुर्ची कुणीतरी काढायला हवी. रोज. मी भांडी घासायची आणि ते म्हणायचे. मग ते गेले आणि हिनं ती काढली. देवळात सगळे झिल्फा झिल्फा करायला लागले. मला वाटलं, विचार तर त्यांचा होता. फक्त उठणं राहून गेलं."

झिल्फा ऐकून घेत होती. तिचं आयुष्यभराचं काम या बाईंनी एका माळ्यावर जवळजवळ पुसून टाकलं होतं. ती काय बोलेल याची मला धास्ती होती.

स्क्वायरनी कायदा सांगितला. विचार कुणाचा हे कायदा विचारत नाही. बनवलं कुणी एवढंच विचारतो. साक्षीवर अजून सही नाही. आत्ता बदलून सांगितली तर खोटी शपथ उरत नाही. जेरुशाबाईंनी मान हलवली. मी कालचे कागद काढले, त्या बोलल्या ते नव्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि त्यांनी ठळक अक्षरात सही केली. असाहेलनं हरकत मागे घेत असल्याचं लिहून दिलं. झिल्फाची खुर्ची झिल्फाची झाली. एवढ्या मोठ्या गोष्टीला एक केक संपेपर्यंतचा वेळ लागला.

झिल्फा मात्र उठली नाही. तिनं कॅप्टनची खुर्ची आडवी केली होती आणि दोन फळ्यांमध्ये डोकं घातलं होतं.

"जेरुशाबाई, या मागच्या दोन स्प्रिंगा तुम्ही उलट्या का लावल्या?"

"तुझ्या खुर्चीत मी बसले तेव्हा ती बाजूला झुलत होती," बाई म्हणाल्या. "होडीत बसल्यासारखं वाटलं. मागच्या दोन तोंडं फिरवून लावल्या की बाजूला हलायला जागा राहत नाही. बग्गीत तसंच असतं. तुझ्या दिराला विचार. विचारत असशील तर."

झिल्फा खुर्चीत बसली. डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं. मागे रेलली. बराच वेळ छताकडे पाहत रेलून राहिली. मग म्हणाली, "मी हिवाळाभर हेच शोधत होते."

"तुला विचारायला काय झालं होतं?"

"तुम्हाला सांगायला काय झालं होतं?"

असाहेल हळूच केकच्या रिकाम्या थाळीकडे सरकला.

झिल्फानं स्क्वायरना विचारलं, आधीच्या वस्तूत कुणी सुधारणा केली तर तिचं पेटंट वेगळं मिळतं ना? ते म्हणाले, मिळतं. मूळ वस्तूच्या मालकाची परवानगी लागेल ती विकताना. "ती मी देईन," झिल्फा म्हणाली. "आणि बाजूला न झुलणारी खुर्ची विकायला मला त्यांची लागेल. म्हणजे दोघींना एकमेकींशिवाय ती विकता येणार नाही." याबद्दल तिला वाईट वाटत असावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

जेरुशाबाई म्हणाल्या, मग तो अर्ज कॅप्टनच्या नावानं लिहा.

"का?" झिल्फा म्हणाली. "त्यांनी कधी स्प्रिंग उलटी लावली?"

"विचार—"

"विचार करत ते वर बसले होते. खाली भांडी तुम्ही घासलीत. स्प्रिंगा आणल्यात तुम्ही, पाय सोडवलेत तुम्ही, उलट्या लावल्यात तुम्ही. एवढं सगळं करून नाव त्यांचं घालायचं तुमच्या डोक्यात आलं तरी कसं?"

जेरुशाबाईंनी खरोखर विचार करून पाहिला.

"दुसरं कुणाचं घालता येतं," त्या म्हणाल्या, "हे सुचलंच नाही मला."

स्क्वायरनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, गावाचं नाव घातलं, आणि लेखणी थांबवून विचारलं, "अर्जदाराचं नाव?"

शेगडीवरची किटली वाजायला लागली होती. बाईंनी उठून ती बाजूला काढून ठेवली, हात पुसले आणि परत येऊन बसल्या.

"जेरुशा," त्या म्हणाल्या.

"पुढे?"

"व्हिटकम." मग मी लिहिलेल्या अक्षरांकडे वाकून पाहत त्या म्हणाल्या, "आडनावात ते येतातच. तेवढं पुरे त्यांना."